घराखालची तूर

यिन थेतचे बाबा, ऊ पो सीन, गेले त्याला पाच दिवस झाले होते. सातव्या दिवशी भिक्खू जेवायला येतात, पंचशील देतात, आणि घरात घुटमळणारा जीव वाटेला लागतो. तोवर मागे काही अडकलेलं असू नये. बाबांचं अडकलेलं एकच होतं, खांबांवरच्या घराखाली रचलेली तुरीची पोती.

म्यानमारमधल्या मोन्यवाकडच्या त्या गावात तूर कुणी खात नाही. पिकवायची आणि जहाजानं भारतात धाडायची. मागे भाव असा चढला की बाबांनी भुईमूग बंद करून सगळ्या रानात तूरच पेरली. ती घरात आली आणि भारतानं आयात थांबवली. "एवढी विकली की भुईमुगाचं बी आणू," बाबा शेवटच्या दुखण्यातही म्हणत होते.

यिन थेत मंडालेत शिक्षिका होती. बाजाराची पायरी ती कधी चढली नव्हती. त्या दिवशी मूठभर तूर पिशवीत घालून ती अडत्याकडे, ऊ बा न्योंकडे गेली. त्यांच्या लांब मेजावर नमुन्यांच्या बशा मांडलेल्या होत्या, प्रत्येकीत धन्याच्या नावाची चिठ्ठी. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला. टक्क आवाज झाला.

"पो सीनचा माल. डोळे झाकून सांगितलं असतं. वीस वर्षांत एकदा ओला दाणा आणला नाही त्यानं."

"मग घ्या ना, काका."

"घेऊन काय करू? मी खाऊ? आधीच बायको म्हणते, पोटात गुदाम बांधलंय."

"पडत्या भावानं घ्या."

"पोरी, पडायला आधी भाव तर हवा. तिकडे यंदा त्यांचंच पीक उदंड आलंय. त्यांचेच शेतकरी डोक्याला हात लावून बसलेत, ते तुझं कशाला घेतील?"

"बदल्यात भुईमुगाचं बी द्या. रानाच्या एका तुकड्यापुरतं."

ऊ बा न्योंनी मेजाच्या टोकाची एक बशी तिच्यापुढे सरकवली. "महिन्यामागे ठेवून गेला होता. अंथरूण धरेपर्यंत दर बाजाराला यायचा, कुणी हात लावला का बघायला. मी म्हणायचो, बस, चहा घे. तर उभ्यानंच बघून जायचा."

चिठ्ठीवर बाबांचं गोल अक्षर होतं. दाण्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. चिठ्ठीवरून एक भुंगा चालला होता. तिनं तो झटकला आणि चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

सातव्या दिवशी शेजारच्या प्वा मावशींनी हौसेनं तुरीचं पातेलं चढवलं. "भारतातली माणसं रोज खातात, आपल्याला काय विष होणार आहे?" आपल्याकडचे वाल शिजवावेत तशी सालासकट, अख्खी. सकाळभर उकळूनही ती बोटानं चेपण्याइतकी मऊ झाली नाही. थोरल्या भिक्खूंनी एक घास बराच वेळ चावला. "पौष्टिक आहे," ते म्हणाले आणि माशाच्या कालवणाकडे वळले.

मग पंचशील झालं. खोटं बोलणार नाही, असं सगळ्यांबरोबर यिन थेतही म्हणाली. ती तांब्यातलं पाणी वाटीत सोडत असताना भिक्खू म्हणाले, "वडिलांना सांग, मोकळ्या मनानं जा."

तिनं पाण्याची धार संपू दिली.

"बाबा, तूर विकली गेली. भुईमुगाचं बी आणलंय. आता जा तुम्ही."

प्वा मावशींनी मान खाली घातली. बसल्या होत्या त्याच फळ्यांखाली पोती होती.

पेरणीचे दिवस आले. मंडालेला परतायच्या आधी रान पेरून जायचं तिनं ठरवलं. पडीक ठेवलं असतं तर बाबांना आवडलं नसतं.

"काय टाकणार?" मावशींनी विचारलं.

"घरात आहे ते."

"सगळ्यांचं तेच चाललंय. बी म्हणून दुसरं आहे काय कुणाकडे?"

"म्हणजे पुढच्या वर्षी तूर याहून जास्त."

"तू शिकलेली आहेस. मला सांगू नकोस."

यिन थेतनं पहिलं पोतं सोडलं. त्यातही भुंगा शिरला होता. भोक पडलेला दाणा उगवत नाही. तिनं सुपात तूर घेतली आणि धड दाणे वेचायला बसली. दुपारपर्यंत टोपलीचा तळही झाकला नव्हता. मध्येच एक दाणा तिनं दाताखाली धरला. टक्क वाजला. चांगला वाळलेला होता.