चौदा वेळा

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता. शब्दाखालचं उदाहरण जगण्यातलंच हवं, मनानं रचलेलं चालायचं नाही. संपादकांना तसलं वाक्य दुरूनच कळायचं आणि ते लगेच लाल काट मारायचे, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना लालपेन्सिल म्हणत.

आज तिथे नोंदी लिहिणाऱ्या बाईंच्या वाट्याला नेमका 'रिफ्रेन' आला. अर्थ त्यांनी लिहिला: मनात आलेली गोष्ट करण्यापासून स्वतःला आवरणे. मूळ लॅटिन, घोड्याच्या लगामाशी नातं सांगणारं. उदाहरणापाशी मात्र घोडं अडलं.

लेक पहाटेच बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली होती. जाताना बजावलं होतं, "आई, फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की माझं अवसान गळतं. काय ते आम्हीच कळवू."

बाईंनी कसंबसं खरडलं: 'त्याने धूम्रपान करण्याचे टाळले.'

"ही भिंतीवरची पाटी झाली!" लालपेन्सिल कडाडले. "यात माणूस कुठाय?"

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. माणूस हवाय काय! त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं: 'लेकीला लावायला घेतलेला फोन आईने सकाळपासून चौदा वेळा खाली ठेवला.'

संपादकांनी वाक्य दोनदा वाचलं. पेन्सिल कानामागे खोचली आणि हळूच विचारलं, "लेक कशी आहे?"

बाई काही बोलणार तोच टेबलावरचा फोन थरथरला. पडद्यावर जावयाचं नाव होतं. आणि दिवसभर आवरून धरलेला हात आता काही केल्या पुढे होईना.