मागे न पाहता

असे पुढे सरका, मंडळी, अगदी जवळ बसा. टाळ मांडीवर ठेवा थोडा वेळ. आजची कथा पोथीतली नाही, आपल्या आशागडच्या पलीकडची, २०१७ सालची आहे. पण देव तिच्यातही आहे.

तिथे एका क्लबचं गोल्फचं मैदान होतं. ते मोडून दोनशे बंगले बांधायचा अर्ज ग्रामपंचायतीकडे आला. ग्रामसभा म्हणाली, आधी जागा बघा, मग ना-हरकतीचं बोलू. म्हणून भर दुपारी ग्रामसेवक काशीनाथ, सरपंच निशिगंधाताई आणि बांधकाम कंपनीचा ऋषभ मैदानावर उभे होते. पाहणीच्या कागदावर एक प्रश्न होता: जागेत स्मशान किंवा दफनभूमी आहे काय? उत्तर ऋषभने टाइप करूनच आणलं होतं: नाही. काशीनाथची सही तेवढी राहिली होती.

त्याने पेन टेकवलं आणि त्याला वास आला. ओव्याचा, बाळंतशेपांचा. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर धुरी टाकतात ना, तो.

"ताई, वास येतोय का हो?"

"कापलेल्या गवताचा ना? येतोय की."

काशीनाथने पेन उचललं. बावीस वर्षांपूर्वी इथे नुसता माळ होता. बारशाआधी गेलेली लेकरं आसपासची माणसं इथेच पुरत. त्याची मुलगी नवव्या दिवशी गेली, तेव्हा कापडात गुंडाळून तिला त्यानेच आणलं होतं. रीत अशी, की माती द्यायची आणि परतायचं ते मागे वळून न पाहता. पाहिलं तर लेकरू मागे येतं म्हणत. त्याने पाहिलं नाही. पुढे माळाला कुंपण पडलं, तेव्हा त्याने मनाशी ठरवून टाकलं, आपली जागा कुंपणाबाहेर राहिली. बायकोला, वसुमतीलाही, तेच सांगितलं.

मैदानाचा माळी लाहू जवळच गवत कापायचं मशीन पुसत होता. काशीनाथने विचारलं, "इथे पोरं पुरली होती ना रे?"

"होती ना, भाऊसाहेब. माझा पण एक आहे. दुपारचं मशीन मी इकडं फिरवतच नाही."

ऋषभ हसला. "जागा दाखवा ना, काका. लगेच लिहू."

"कशी दाखवणार, शेठ?" लाहू म्हणाला. "मागं बघितलंय कोणी?"

"मग झालं तर! करा सही, गाडीत एसी चालू आहे."

निशिगंधाताई हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, कागदावर असेल तेवढंच मला सभेत बोलता येईल हं."

काशीनाथ फाटकापर्यंत चालत गेला. चपला काढल्या. त्या दिवशी परतताना समोर काय दिसत होतं, एवढं मात्र त्याला पक्कं आठवत होतं. महालक्ष्मीचा सुळका, बरोबर दोन ताडांच्या मधोमध. सुळक्यावर नजर ठेवून तो उलटा चालू लागला. एकेक पाऊल मागे.

"काका, पडाल हो!"

"तुम्ही गप्प बसा," ताई म्हणाल्या.

सुळका ताडांच्या मधे आला. धुरीचा वास दाट होत घशात बसला. आणि टाचेपाशी, अगदी टाचेपाशी, तान्ह्या बाळाची उचकी ऐकू आली.

काशीनाथ थांबला. मान वळवायला जीव तुटत होता. नाही वळवली. तसाच खाली बसला, हात मागे नेऊन तळवा टेकवला. गवत गार होतं. खालची माती मात्र कोमट, नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

"इथे," तो म्हणाला. "ताई, खुंटी मारा."

लाहूने हातातलं फडकं टाकलं. तो फाटकाशी गेला, सुळक्याकडे तोंड केलं आणि उलटा येऊ लागला. ऋषभ मोबाइल खिशात घालून बाजूला झाला.

काशीनाथने 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं. तपशिलात लिहिलं: काशीनाथ व वसुमती यांची मुलगी, वय नऊ दिवस. खाली सही केली. त्या कागदावर ग्रामसभेने ना-हरकत नाकारली.

पण सभेआधी त्याला घरी जायचं होतं. वसुमतीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं कुंपणाबाहेर मी भलत्याच मातीवर दूध ओतत होते?"

ती उठली, पायात चपला घातल्या. "चला. दाखवा."

मंडळी, आज घरी देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या पोरीची आठवण ठेवा. नाव नाही तिला. नुसतं वसुमतीची लेक म्हणा, पोहोचेल.