स्क्रूवरची लाल रेघ

मर्डॉकमामाने रायफल टेबलावर ठेवली आणि चहाला नको म्हणत भाचीला, नोएलीनला, हुकूम सोडला. दुर्बिणीचे स्क्रू कुचकामी आहेत, दुर्बीण हलते, गोळी भरकटते. तेव्हा भोकं मोठी करून जाडे स्क्रू बसव.

एप्रिलमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम आला की नोएलीनच्या बंदूकदुरुस्तीच्या शेडमध्ये तुआतापेरेचा झाडून सगळा शिकारी गाव येतो. नेम चुकला की दोष दुर्बिणीचा, वाऱ्याचा, बायकोने बांधून दिलेल्या सँडविचचा. नाचता येईना, अंगण वाकडं! मामा मात्र त्यातला नव्हता. नोएलीनला बंदूक धरायला त्यानेच शिकवलं होतं. मारायचं तर एका गोळीत, नाहीतर घरी बसायचं, हे त्याचंच म्हणणं.

गेल्या आठवड्यात त्याच्या गोळीने एका हरिणीचा जबडा उडाला. दोन दिवस ती झुडपांत भटकत होती. शेवटी शेजाऱ्याने गोळी घालून तिला सोडवलं. गावभर झालं होतं, पण मामासमोर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

नोएलीनने पाना लावला. स्क्रू तसूभर हलेना. दुसराही नाही. दोन वर्षांपूर्वी तिनेच ते आवळले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत लाल नेलपॉलिशची रेघ ओढली होती. स्क्रू जरासा फिरला तरी रेघ तुटते, लगेच कळतं. आता एकही रेघ नव्हती. पोलादावर चाकूचे बारीक ओरखडे होते आणि एका खाचेत लाल कण अडकला होता.

तिला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. थाप मारायची, तीही तिच्यासमोर?

"मामा, रेघा कुणी खरवडल्या?"

मामाने एका स्क्रूवरून अंगठा फिरवला.

"मीच. शाबूत होत्या गं सगळ्या," तो म्हणाला. "फक्त मला एकेकीच्या दोन-दोन दिसत होत्या."

नोएलीनने पाना खाली ठेवला. मग स्क्रू बदलायचं कारणच नाही, असं ती पुटपुटली.

"बदल. जाडेच बसव." त्याने रायफल तिच्याकडे सरकवली. "तू कुठे माझ्यासारखी जपून वापरणार? जीपमध्ये आदळत नेशील. आणि आता ठेव चहा."