स्वयंपाकघरातला स्पॅनिश प्रश्न

भांडी विसळता विसळता थोरली सून पुन्हा मोठ्याने म्हणाली, "एस्ता पेन्सान्दो एन किटार्से ला विदा?" पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांनी ठरलेला विनोद केला, की सूनबाई, शिव्याच द्यायच्या तर आपल्या भाषेत दे, निदान लागतील तरी. सासूबाई हसल्या, नवराही हसला.

सून इस्पितळातल्या मदतीच्या फोनवर कामाला होती. जीव नकोसा झालेली माणसं तिथे देशोदेशींहून फोन करत आणि हल्ली त्यांत स्पॅनिश बोलणारी बरीच असत, म्हणून ती भाषा शिकत होती. फोनचं काम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, आडवळणाने विचारू नका. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, असलेल्याला बाहेर यायला वाट मिळते. तेच वाक्य सून महिनाभर घोकत होती.

घरात त्याचा अर्थ विचारून घेतला तो फक्त साळूने, म्हणजे नणंदेने. लहानपणी साळुंकीसारखी बडबडायची म्हणून साळू. आता ती मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असे. डॉक्टरचं नाव काढलं की सासूबाई म्हणत, "झाकली मूठ सव्वा लाखाची. धाकट्याचं लग्न होऊ दे, मग बघू." वा रे वा! पाय मोडला असता तर पोरीला प्लास्टरसकट दिवाणखान्यात बसवलं असतं. मन मोडलं, म्हणून दाराला कडी. आणि सून? तीही घरातलं घरात म्हणून गप्प. परक्यांना विचारायला नवी भाषा शिकत होती, आणि नणंदेला मात्र रोज ‘जेवलीस का’ एवढंच विचारत होती.

त्या दिवशी धाकट्यासाठी मुलीकडची मंडळी यायची होती. साळू मावशीकडे गेलीय, असं सांगायचं ठरलं. सून तिला चहा द्यायला आत गेली, तेवढ्यात पाहुण्यांची चाहूल लागली आणि सासूबाईंनी घाईघाईत, आत न बघताच, बाहेरून कडी घातली. दोघी आत अडकल्या.

सून आधी हसली. म्हणाली, चल, आता माझा सराव घे. तू फोन करणारी बाई हो. आणि तिने तेच वाक्य विचारलं.

"सी," साळू म्हणाली.

"अगं, पुस्तकात इथे ‘नो’ आहे. ‘सी’ म्हणजे हो."

"मला माहितेय, वहिनी."

सुनेला पुढचे प्रश्न स्पॅनिशमध्ये पाठ होते, पण आपल्या भाषेत जीभ उचलेना. शेवटी तिने साळूचा हात धरला आणि विचारलं. साळूने सगळं सांगितलं. कसं ते ठरलं होतं, कधी तेही ठरलं होतं. आजच, पाहुणे गेल्यावर.

सुनेने दार बडवायला सुरुवात केली. सासूबाई धावत आल्या, दार किलकिलं करून दातओठ खात म्हणाल्या, पाहुणे चहा घेतायत, तासाभराने काय ते बघू.

"तासभर नाही, आई. साळूला जीव द्यावासा वाटतोय. मी तिला आत्ता इस्पितळात नेतेय."

"तूच भलतंसलतं विचारून तिच्या डोक्यात भरवलंस."

"मी महिनाभर विचारतेय. ओट्यापाशी, तुमच्यासमोर, मोठ्याने."

सासूबाईंना कळायला जरा वेळ लागला.

"आम्ही ज्याला हसायचो... ते?"

"तेच."

बाहेर पडायला वाट एकच होती, दिवाणखान्यातून. सून साळूला धरून निघाली. सासूबाईंनी आडवा धरलेला हात खाली आला आणि त्या मागे चालू लागल्या. विस्कटलेल्या केसांची, अनवाणी साळू पाहून मुलीच्या आईने कप खाली ठेवला आणि विचारलं, ही कोण.

"माझी मुलगी," सासूबाई म्हणाल्या. "मावशीकडे गेली म्हटलं, ते खोटं. इथेच होती." आणि स्वतःच्या चपला काढून त्यांनी लेकीच्या पायापुढे सरकवल्या.

स्थळ टिकलं की मोडलं, ते मला विचारू नका. तुमच्या घरात कुणाला विचारायचं राहून गेलंय, ते आधी बघा. त्याला स्पॅनिश यावं लागत नाही.