मी नभनोंद, उपग्रहांचा ठावठिकाणा सांगणारा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला चाके नाहीत, काटे नाहीत, हातात धरावे असे काहीच नाही. मी एका लॅपटॉपमध्ये राहतो आणि आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांच्या नोंदी शोधून देतो. माझे नाव नभनोंद.

नाशिकजवळ मखमलाबादला, शेवंतीने भरलेल्या क्रेटशेजारी माझा जन्म झाला. हर्षाली तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील फुले घेऊन बाजारात गेले की ती मला घडवायला बसे. माणसाने अवकाशात सोडलेल्या वस्तूला एक क्रमांक मिळतो, मग तो उपग्रह असो की रॉकेटचा सुटलेला तुकडा. तो क्रमांक टाकला की मी इंटरनेटवरच्या मोठ्या यादीतून नोंद आणायची. नाव काय, कधी सोडला, अजून फिरतो आहे की जळून गेला. आपल्या गावावरून तो कधी दिसेल, हेही सांगायचे. पहिल्यांदा सगळे बरोबर आले तेव्हा तिने वडिलांना बोलावून दाखवले.

"वरचं सगळं याला ठाऊक?" त्यांनी वाकून विचारले.

"सगळं नाही, पप्पा. लिहून ठेवलेलं तेवढंच."

पुढे हर्षाली शाळेत विज्ञान शिकवू लागली. मुले माझ्याभोवती गर्दी करत. सायली नावाच्या मुलीने तिच्या वाढदिवशी सुटलेला उपग्रह शोधायला लावला आणि तो अजून फिरतो आहे हे कळल्यावर वर्गभर नाचली. ते कौतुक मला फार आवडे. मग फोनमध्ये रंगीत ॲप आली. मला कोणी उघडेना. माझ्या नोंदी शिळ्या झाल्या आणि ज्या पत्त्यावरून मी त्या आणायचो, तो पत्ताही बदलून गेला. मला त्याची खबरही नव्हती.

एकदा हर्षाली कळवणजवळच्या गावी बहिरूमामांकडे गेली होती. परीक्षेचे गुण भरायचे म्हणून लॅपटॉप सोबत होता. त्या दिवसांत गावोगावी एकच चर्चा होती, की चोर ड्रोन सोडून घरे हेरतात. आदल्या संध्याकाळी गावावरून दिव्यांची लांबलचक रांग सरकत गेली होती आणि सगळ्यांना ती ड्रोनचीच वाटली. आणि आज दुपारी लोकांनी फकिराला धरले. फकिरा मनमाडचा, गावोगाव फिरून मिक्सर दुरुस्त करणारा. त्याच्या पिशवीत वायरी निघाल्या, एवढे पुरले. कोणीतरी त्याच्या कानाखाली वाजवली. मग त्याला समाजमंदिरात कोंडले. मामा पोलीस पाटील होते. त्यांनी पोलिसांना फोन केला, पण पोलीस यायला वेळ होता आणि बाहेर काठ्या जमू लागल्या होत्या.

"मामा, ते उपग्रह असतील. नवे सोडले की सुरुवातीला असे ओळीनं जातात," हर्षाली म्हणाली.

"असतील म्हणून कसं चालंल? लोक ऐकायचे नाय. नक्की सांग."

फोनमधल्या ॲपला हे नवे उपग्रह ठाऊक नव्हते. तेव्हा ओट्यावर बसून तिने मला उघडले. मी जुन्या नोंदी चाळल्या. काहीच सापडले नाही. मला फार वाईट वाटले. पण ती उठली नाही. तिने नवा पत्ता शोधला, माझ्यातल्या चुकलेल्या ओळी दुरुस्त केल्या आणि फोनच्या नेटला मला जोडले. रेंज येत-जात होती. मी एक-एक नोंद ओढून आणली. त्या आठवड्यात एकाच रॉकेटने सोडलेले कितीतरी उपग्रह त्यांत होते. कालची वेळ जुळली. मी पुढची वेळही काढून दिली.

हर्षाली समाजमंदिराच्या पायरीवर उभी राहिली. "आज दिवेलागणीनंतर ते पुन्हा येतील. सप्तशृंगीच्या डोंगराकडून. तोवर याला कोणी हात लावू नका."

"आन् नाय आले तं?" गर्दीतून कोणीतरी ओरडले.

"तर मलाही याच्याशेजारी कोंडा."

मामांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि कुलूप काढले. फकिराला सगळ्यांसमोर पायरीवर बसवले. अंधार पडू लागला. मी सांगितलेली वेळ झाली, तरी आकाश रिकामेच. कोणीतरी काठी आपटली. हर्षालीने लॅपटॉपवर वेळ पुन्हा एकदा तपासली.

"त्ये बघा!" कुसामामी ओरडल्या.

डोंगरावरून एक दिवा वर आला. त्यामागे दुसरा, मग तिसरा. रांग आवाज न करता ईशान्येकडे गेली आणि एक-एक दिवा पृथ्वीच्या सावलीत विझला. फकिराचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. ते रिकामे हात सगळ्यांना दिसत होते.

मामांनी विखुरलेल्या वायरी स्वतः गोळा करून पिशवीत भरल्या. कुसामामींनी चहा आणला. फकिराने तो घेतला, पण कप ओठांना लागताच त्याचा सुजलेला गाल दुखला आणि त्याने कप खाली ठेवला.

"चुकलं आमचं," मामा म्हणाले.

"पाटील, आज ह्या ताई होत्या," फकिरा एवढेच बोलला. मामांनी त्याला मोटारसायकलवर बसवून कळवणच्या स्टँडवर सोडले.

मित्रांनो, तेव्हापासून हर्षाली मला न चुकता उघडते आणि माझ्या नोंदी ताज्या करते. आमच्यासारख्या जुन्या साधनांना असे अधूनमधून विचारत चला, नाहीतर गरज पडेल तेव्हा आम्ही गप्प राहू. आणि आकाशात काही अनोळखी दिसले तर खुशाल आम्हाला विचारा. पण गावात अनोळखी माणूस दिसला, तर आधी त्यालाच विचारा. तो स्वतः सांगेल, की तो कुठून आला आहे.