बाबा पळाले नव्हते

आमच्या कंपनीत एक भिकार पद्धत आहे. राउटरचं नवं फर्मवेअर, म्हणजे त्या खोक्याच्या पोटातला प्रोग्राम, बाजारात सोडायच्या आधी दोन आठवडे स्वतःच्या घरी चालवून बघायचं. प्रयोगशाळेत बहात्तर तास बिनचूक चाललं असलं तरी. मग अहवालावर सही माझी. पुढे काही बिघडलं की गिऱ्हाइकांच्या शिव्या साहेबांना आणि साहेबांच्या मला. एकोणीस वर्षं मी हेच करतेय, तेव्हा माझी जीभ कशी झाली असेल ते वेगळं सांगायला नको.

या वेळचं फर्मवेअर मात्र गुणाचं वाटत होतं. वेग चांगला, तापत नव्हतं. एक नवी सोयही होती. घरात कोणी नसेल तर राउटर पाच मिनिटांत आपणहून झोपी जातो, वीज वाचते. घरातलं माणूस परत आलं की जागा होतो. या सोयीच्या चाचणीपुढे मी 'लागू नाही' असं लिहून टाकलं. आमचं घर रिकामं असतंच कधी? बाबा असतात की!

बाबा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी. सानचोंग नावाच्या उपनगरातल्या आमच्या जुन्या इमारतीत आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे गेले, तेव्हापासून दवाखाना सोडला तर ते खाली उतरलेले नाहीत. त्यांना मोबाइल फोन आवडत नाही. एक टॅब्लेट आहे, त्यावर ते रोज संध्याकाळी साडेसातला हाइ-शानकाकांशी बुद्धिबळ खेळतात, आमचं, हत्ती आणि तोफांचं. दोघे तरुणपणी किनमेन बेटावर सैन्याच्या एकाच तुकडीत होते. काका आता थायतुंगच्या वृद्धाश्रमात असतात. तिथे जेवणं सव्वासातला आटपतात आणि सव्वाआठला दिवे घालवतात, म्हणून खेळ तेवढ्याच वेळात.

सोमवारी मी नवं फर्मवेअर चढवलं. त्याच दिवशी कचरा टाकून आम्ही जिना चढत होतो, तर वरून बाबांचा आवाज.

"पेइ-युन! तुझं खोकं मेलं!"

धापा टाकत वर पोचले. हिरवा दिवा लुकलुकतोय. टॅब्लेट सुरू, इंटरनेट सुरू.

"बाबा, चालतंय की!"

"आत्ता चालतंय! मघाशी बंद होतं. माझी तोफ त्याच्या राजापुढे लावली होती गं, आणि सगळं गोठलं!"

"तुम्ही वायरीला हात लावला असेल."

"मी? मी या खुर्चीतून उठलोसुद्धा नाही!"

मंगळवारी तेच. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी तेच. आम्ही वर येईपर्यंत खोकं शहाण्या बाळासारखं चालू. मी रोज राउटरच्या नोंदी उघडून लाल ओळी शोधायची, कारण बिघाड झाला की लाल ओळ उमटते. एकही नव्हती. प्रयोगशाळेतल्या तेंगला, म्हणजे ज्यानं हा प्रोग्राम लिहिला त्याला, विचारलं. तो म्हणाला, "ताई, म्हातारी माणसं कुठलं तरी बटण दाबतात." मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

माझा नवरा चुन-ता बस चालवतो, पण सल्ले इंजिनिअरला लाजवणारे देतो. त्यानं राउटरवर हिरव्या पुडीतला खाऊ आणून ठेवला. तो ठेवला की यंत्रं शहाण्यासारखी वागतात, असं आमच्याकडे सगळे मानतात. आमच्या प्रयोगशाळेतही प्रत्येक कपाटावर असतो, त्यामुळे मी हसू शकले नाही. दुसऱ्या दिवशी पुडी फोडलेली आणि निम्मी रिकामी.

"बाबा!" चुन-ता किंचाळलाच. "म्हणून बंद पडतंय! यंत्राचा खाऊ तुम्ही खाल्लात!"

"मग काय करू? डाव बंद पडला, नुसतं बसून भूक लागली!"

माझी पंधरा वर्षांची लेक यू-थोंग हसून हसून जमिनीवर लोळली. बाबांना मात्र हसू आलं नाही. त्याचं कारण मला पुढच्या शुक्रवारी कळलं.

त्या खेळात एक नियम आहे. डाव अर्धवट सोडून गेलात की तुम्ही पळालात असं धरतात. महिन्यात पाचदा पळालात की नावापुढे 'पळपुटा' असा शिक्का बसतो, तोही तांबड्या अक्षरात. दहाव्यांदा खातं कायमचं बंद. बाबांचं त्या शुक्रवारी नवव्यांदा झालं. शनिवारी त्यांनी टॅब्लेट उघडलाच नाही. आठ वाजता घरच्या फोनवर काकांचा फोन आला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते इतकं मोठ्यानं बोलतात की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"काय रे पळपुट्या! आज तर मैदानातच आला नाहीस?"

"हाइ-शान, मी पळालो नाही. पोरीचं खोकं..."

"पोरीचं नाव पुढे करतोस? हरायला लागलास की खोकं बिघडतं! इथं सगळे हसतात मला, म्हणतात, तुमचा दोस्त शेपूट घालतो."

बाबांनी फोन ठेवला. चेहरा उतरला होता. "तोफा पडत होत्या तेव्हा मी पळालो नाही," ते म्हणाले, "आणि या वयात, घरात बसून, मी पळपुटा!"

मला इतकं वाईट वाटलं, की रागच आला. कोणाचा ते कळेना, म्हणून मी चुन-तावर ओरडले.

रविवारी दुपारी बाबांनी मला हाक मारली. आमच्याकडे रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे. फाडलेली पानं त्यांनी जपून ठेवली होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलनं वेळ लिहिली होती.

"हे बघ. किनमेनला समोरच्या किनाऱ्यावरून शत्रूचे लोक तोफा डागायचे, पण रोज नाही. विषम तारखेला डागायचे, सम तारखेला सुट्टी. पहिले काही दिवस आम्ही उगीच रोज घाबरत होतो. मग वेळापत्रक कळलं आणि सम तारखेला आम्ही कपडे वाळत घालायला लागलो." त्यांनी पानं पलंगावर मांडली. "तुझ्या खोक्यालाही वेळापत्रक आहे. सात चाळीस, एकेचाळीस, चाळीस. बुधवारी नाही. रविवारी नाही."

"बिघाडाला कुठे वार कळतो, बाबा?"

"ते तू सांग. पगार तू घेतेस."

मी पानांकडे बघत राहिले. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बुधवारी नाही, रविवारी नाही. बुधवार-रविवार आणखी कोण येत नाही?

"अगंबाई!" मी उभीच राहिले. "कचऱ्याची गाडी!"

साडेसात वाजले की लांबून तिचं पियानोचं गाणं सुरू होतं आणि अख्खी गल्ली खाली धावते. मी कचऱ्याची पिशवी घेते, चुन-ता पुठ्ठे-बाटल्या आणि उरल्यासुरल्याची बादली घेतो. यू-थोंग काहीच घेत नाही, पण कोपऱ्यावर चहाचं दुकान आहे म्हणून येते. गाडी येईपर्यंत आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चिउबाईंच्या गप्पा संपेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. आणि तिघांचेही फोन तिघांच्या खिशात.

सोमवारी मी माझा फोन यू-थोंगकडे दिला आणि तिला नि चुन-ताला कचऱ्याबरोबर पाठवलं. बाबा टॅब्लेटवर एकटेच सरावाचा डाव मांडून बसले. मी शेजारी कॉम्प्युटर राउटरला तारेनं जोडून बसले आणि या वेळी लाल ओळी सोडून सगळ्याच ओळी वाचायला लागले. गाणं जवळ आलं. सात एकेचाळीसला टॅब्लेटवरचा हत्ती अर्ध्या वाटेत थांबला.

"बघ! बघ! आता कोणी हात लावला?" बाबांनी दोन्ही हात वर केले. पोलिसांना शरण आल्यासारखे.

कॉम्प्युटरवर एक हिरवी, सभ्य, बिनबोभाट ओळ आली होती. अशी ओळ गेले दोन आठवडे रोज येत होती आणि मी रोज तिच्यावरून पुढे गेले होते.

"काय म्हणतंय ते?" बाबांनी विचारलं.

मला वाचवेना.

"अगं वाच की!"

"घरात कोणी नाही," मी वाचलं. "विश्रांती सुरू."

बाबा त्या ओळीकडे वाकले. मग हळूच म्हणाले, "मी आहे की."

तेंगच्या प्रोग्राममध्ये फोन म्हणजे माणूस. बाकी सगळं सामान: टीव्ही, भाताचा कुकर, एअर कंडिशनर, कॉम्प्युटर, टॅब्लेट. तिन्ही फोन बाहेर गेले की त्याच्या लेखी उरलं ते सामान. आम्ही परत येताना जिन्यातच त्याला फोनांची चाहूल लागायची आणि तो जागा व्हायचा. म्हणून वर पोचेपर्यंत सगळं ठीक, आणि बाबा खोटे. खोक्यानं त्यांना मोजलं नाही ते एकवेळ समजू शकतं, खोकंच ते. मी कसं नाही मोजलं? चौदा दिवस तो माणूस सांगत होता आणि मी त्याला वायर दाखवत होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." ते म्हणाले, "ते राहू दे. उद्या दुरुस्त होईल का सांग."

मंगळवारी सहीचा दिवस. मी बैठकीत अहवाल ठेवला, सही न करता. आमचे शिए साहेब मोठ्यानं वाचायला लागले. "बिघाड पुन्हा घडवायची कृती. एक, एक वडील घ्या. दोन, त्यांचे गुडघे दुखत असावेत. तीन, त्यांच्याकडे फोन नसावा. चार, कचऱ्याच्या गाडीची वाट पाहा. हे काय लिहिलंय, पेइ-युन?"

"पुढे वाचा ना, साहेब."

"अपेक्षित: घरात माणूस आहे. प्रत्यक्षात: घरात कोणी नाही."

तेंग गोंधळला होता. "पण ताई, घरातले सगळे एकाच वेळी बाहेर का जातात?"

सगळी खोली त्याच्याकडे बघायला लागली. मग कळलं, हा पठ्ठ्या नव्या टोलेजंग इमारतीत राहतो. तिथे तळघरात कचऱ्याची खोली, हवं तेव्हा टाका. जन्मात गाडीमागे धावलेला नाही! शिए साहेबही तसल्याच इमारतीतले.

"एवढ्यासाठी बाजारात जाणं थांबवायचं?" साहेब म्हणाले. "वडिलांना एक फोन घेऊन दे. प्रश्न मिटला."

"दिला असता साहेब. पण ते म्हणतात, माझ्याच घरात मी आहे हे मी खोक्याला का सिद्ध करू? तुम्ही येऊन समजावता का? जिना चार मजल्यांचा आहे. आणि तुमच्या आई फोन कुठे ठेवतात हो, तिकडे गावी च्यायीत?"

सगळ्या ऑफिसला माहीत आहे, साहेबांच्या आईचा फोन कपाटात, मोज्यात गुंडाळून ठेवलेला असतो, झिजू नये म्हणून. साहेबांनी अहवाल मिटला आणि तेंगला विचारलं, "किती वेळ लागेल?"

तेंगला चार तास लागले. आता घरातलं कुठलंही यंत्र कोणी वापरत असेल तर राउटरनं जागंच राहायचं. सहा वाजता ते फर्मवेअर घेऊन मी घरी आले आणि चढवलं. म्हटलं, "बाबा, आज सरावाचाच डाव खेळा. प्रयोगशाळेत धड तपासलेलंही नाही. पुन्हा बंद पडलं तर दहावं होईल, खातं जाईल."

"खोटी तोफ लावून खरी चाचणी होते का?" त्यांनी घरच्या फोनवरून काकांना लावला. "हाइ-शान! साडेसातला बस. आज मी पळालो, तर पुन्हा कधी तोंड दाखवणार नाही."

साडेसातला गाणं सुरू झालं. आम्ही तिघं तीन फोन घेऊन खाली उतरलो. बाबांना एकटं सोडायलाच हवं होतं, चाचणीच तशी होती. गाडी उशिरा आली. चिउबाई सुनेची तक्रार सांगत होत्या, मी "हो का, हो का" करत वर खिडकीकडे बघत होते. सात चाळीस झाले. पंचेचाळीस झाले. चुन-तानं बादली रिकामी केली आणि चक्क हात जोडले. खिडकीत काही हलेना. सात त्रेपन्नला खिडकी धाडकन उघडली आणि बाबा कमरेपर्यंत बाहेर आले.

"पेइ-युन! हरलो गं!"

गाडीमागची सगळी माणसं वर बघायला लागली. चिउबाई हळहळल्या, "अरेरे, बिचारे."

"हरलो!" बाबा दोन्ही हात हलवत होते. त्यांचा आवाज कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानापर्यंत जात होता. "शेवटपर्यंत बसून हरलो! राजा मारला त्यानं माझा! पूर्ण हरलो!"

मी कचऱ्याची पिशवी तिथेच चुन-ताच्या हातात कोंबली आणि चार मजले पळत चढले.