बत्तिसावी नोंद

शनिवारच्या आत मयूरीला सांगली गाठायची होती. साताऱ्याच्या स्टँडवरचा चहा अर्धाच टाकून तिनं गाडी पकडली.

सांगलीजवळच्या एका दूध डेअरीत बॉयलरचा दाब चढला, भोंगा वेळेवर वाजला नाही आणि बॉयलरवर काम करणाऱ्या अर्जुनाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. भोंगा वाजवणारा प्रोग्राम मयूरीच्या कंपनीचा. कंपनी म्हणजे औद्योगिक वसाहतीतली एक शेड, सहा माणसं, तीन संगणक. पण १९९६ साली तिथं प्रोग्राममधला प्रत्येक बदल नाव-तारखेसकट नोंदवणारी व्यवस्था संगणकावर होती, आणि मालक देवदत्तराव ती पाहुण्यांना देवघरासारखी दाखवायचे. या खेपेला, सोमवारी, त्यांनी ती स्वतः उघडली. एकतीस बदल, एकतिसांपुढं एकच नाव, मयूरी.

"शनिवारी डेअरीचे लोक येतायत," ते म्हणाले. "कुणाच्या हातचं आहे ते त्यांना कागदावर हवंय. कागद तर तुझंच नाव सांगतोय."

बदल खरे नानासोंचे. नानासो फौजेच्या सिग्नलमधून निवृत्त. सांगलीत घरी बसून प्रोग्राम लिहायचे आणि बदललेल्या तेवढ्याच ओळींची फाइल, म्हणजे पॅच, फ्लॉपीवर घालून धाडायचे. मयूरी तो मूळ प्रोग्रामला लावून नोंदीत चढवायची. पण ती मुळात आवक-जावक सांभाळणारी. टपाल कुणीही लिहिलेलं असो, सही घेणाऱ्याची, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. संगणकानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. समोर बसलेल्याचं नाव त्यानं आपणहून लावलं. वर तिनं फ्लॉप्या पुसून कोऱ्या परत पाठवल्या. काटकसरीबद्दल तिचं तेव्हा कौतुकही झालं होतं.

आता नानासोंनी प्रती ठेवल्या नसतील तर?

सांगलीच्या घरी तिचं ऐकून नानासोंनी पत्र्याची पेटी पुढं ओढली. आत फ्लॉप्यांवर एकतीस फायली, प्रत्येकीच्या माथ्यावर नाव आणि तारीख. फौजेत धोब्याची यादीसुद्धा दोन प्रतींत असते, असं त्यांनी ऐकवलं. मग अर्जुनाला बघून आल्याचं सांगितलं. हात राहील, पण बोटं मिटतील की नाही ते डॉक्टरही सांगत नव्हते.

दोघं त्यांच्या संगणकापुढं बसली. कोरी नोंद उघडली, मूळ प्रोग्राम ठेवला आणि एकेक पॅच क्रमानं चढवला. दर वेळी आज्ञेतच सांगायचं, कर्ता अमुक, तारीख अमुक. ही सोय पहिल्यापासून होती; मयूरीनं तेवढंच पान वाचलं नव्हतं. नानासोंचं नाव ओळीनं खाली उतरू लागलं तशी ती भराभर आज्ञा टाइप करू लागली. मग लक्षात आलं, आपण सुटतोय म्हणजे हा माणूस अडकतोय. त्यांच्याकडं बघायचं तिनं टाळलं.

"चूक आसंल तर माझी हाय," नानासो म्हणाले. "आता डेअरीत चालतोय त्यो प्रोग्राम आन् ह्यो, जुळवून बघ."

सोबत आणलेल्या डेअरीच्या प्रतीशी तिनं तो जुळवला. फरक एका ओळीचा. भोंग्यानं किती थांबायचं, तिथं नानासोंचे ५ होते, डेअरीत ५०.

मयूरीला आठवलं. एकोणिसावा पॅच. तेव्हा तो क्रम चुकवून चढवल्यानं त्यातली एक ओळ जागी बसेना म्हणून संगणकानं बाजूला टाकली होती आणि तिनं ती हातानं घातली होती. आजूबाजूच्या वेळा सेकंदाच्या दहाव्या भागात, ही एकटी पूर्ण सेकंदात. म्हातारा विसरला असेल, म्हणून तिनं पाचाचे पन्नास केले; भोंगा पाच सेकंदांऐवजी पन्नास सेकंद थांबू लागला. एवढ्याशासाठी फोन कशाला करायचा?

तिनं सगळं सांगितलं तशी नानासोंनी खुर्ची तिच्याकडं वळवली.

"ह्याला बी माझंच नाव लाव पोरी. पेन्शनीतल्या माणसाला कोण काय करतंय? तुजं अजून समदं व्हायचं हाय."

तिनं पन्नासाच्या बदलाची बत्तिसावी नोंद लिहायला घेतली. कर्ता, नानासो. यंत्रानं हूं की चूं केलं नाही. आधीची एकतीस खरी नावं त्यानं ज्या मुकाट्यानं घेतली, त्याच मुकाट्यानं हेही घेतलं असतं. बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. तिला आतापर्यंतच्या सगळ्या भीतीपेक्षा याचीच जास्त भीती वाटली. एकेक अक्षर मागं घेत तिनं ओळ पुसली.

शनिवारी देवदत्तरावांचं बोट छापील यादीवरून घसरत खाली आलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. त्यांचा चेहरा जरा सैलावला.

"म्हणजे बत्तिसांत तुझी एकच आहे तर."

"हो," मयूरी म्हणाली. तिनं त्या ओळीतल्या पन्नासावर बोट ठेवलं. "भोंगा अडवणारी तीच."